प्रश्नमंजूषा स्पर्धा (खानदेश)

प्रश्नमंजूषा म्हणजे प्रश्नांची पेटी. नाव संस्कृत असले तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळा-महाविद्यालयांत मुले 'क्विझ' म्हणतात, आणि गावातले वडीलधारे 'जीकेची स्पर्धा'. दोन किंवा तीन जणांचे संघ, समोर प्रश्नकर्ता, बाजूला गुणलेखक आणि वेळ पाहणारा, आणि समोर बसलेले प्रेक्षक एवढ्यावर ती उभी राहते. इतिहास, भूगोल, विज्ञान, साहित्य, क्रीडा, चालू घडामोडी अशा वेगवेगळ्या विषयांवर तोंडी प्रश्न विचारले जातात आणि ठरलेल्या सेकंदांत उत्तर द्यावे लागते. लेखी परीक्षेत चुकलेले उत्तर कधी कळतच नाही. इथे ते लगेच, सगळ्यांसमोर सांगितले जाते आणि सभागृहातल्या शंभर जणांच्या डोक्यात एकाच वेळी बसते. या स्पर्धेचे खरे मोल यातच आहे.

पूर्वपीठिका

प्रश्न विचारून ज्ञान पारखण्याची रीत खानदेशाला परकी नाही. लग्नातले उखाणे आणि रात्री ओट्यावर घातलेली कोडी ही तिची घरगुती रूपे. विद्वत्तेच्या अंगानेही एक धागा इथे येतो. चाळीसगावजवळच्या पाटण्यात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने त्याला दान दिले, अशी नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. ज्या 'लीलावती'चा अभ्यास अशा मठात होई, तिच्यातले गणित प्रश्नांच्या रूपातच येते: भुंग्यांचा थवा, हंसांचा कळप, आणि शेवटी 'सांग, किती?'

आजच्या स्वरूपातील स्पर्धा मात्र रेडिओ आणि दूरचित्रवाणीने आणली. भारतातील पहिली खुली क्विझ नील ओब्रायन यांनी १९६७ साली कोलकात्यात घेतली. १९७२ मध्ये हमीद सयानी यांनी 'बॉर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' रेडिओवर सुरू केली आणि १९७५ मध्ये त्यांच्या निधनानंतर अमीन सयानी यांनी ती पुढे चालवली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' आला. यातले बहुतेक इंग्रजीत होते, त्यामुळे खानदेशातल्या मराठी शाळेतल्या मुलाला त्यात पाहणारा म्हणूनच जागा होती. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाले आणि हे अंतर पुष्कळ कमी झाले. प्रश्न हिंदीत, चार पर्याय, मदतीला 'लाइफलाइन'. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे या मराठी तरुणाने पहिले एक कोटी जिंकले. मराठी आवृत्ती २०१३ मध्ये सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आली आणि २०१९ मध्ये नागराज मंजुळे यांनी सूत्रे घेतली.

या कार्यक्रमाने स्पर्धा लोकप्रिय केली, पण एक सवयही लावली. चार पर्याय दिल्याशिवाय प्रश्न विचारायचाच नाही, असे अनेक आयोजक धरून चालतात. चार पर्यायांतून उत्तर ओळखता येते. थेट प्रश्नाला ते आठवावे लागते. शालेय स्पर्धेत निदान निम्मे प्रश्न थेट असावेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

विषयफेऱ्या

विषयांची वाटणी वरवर साधी वाटते, पण निकाल बराचसा तिथेच ठरतो. १९७९ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियल येथे सुचलेल्या 'ट्रिव्हियल परस्यूट' या पटावरच्या खेळाने सहा रंगांचे सहा विषय रूढ केले: भूगोल, मनोरंजन, इतिहास, कला व साहित्य, विज्ञान व निसर्ग, क्रीडा. जगभरच्या स्पर्धांची विभागणी अजून कमी-अधिक याच चौकटीत चालते. आपल्याकडे मनोरंजनाच्या जागी बहुधा चालू घडामोडी येतात. कारण उघड आहे. सभागृहातली बरीच मुले लोकसेवा आयोगाच्या किंवा पोलीस भरतीच्या तयारीत असतात आणि स्पर्धेकडे ती सराव म्हणून पाहतात. त्यात वाईट काही नाही, मात्र सगळ्याच फेऱ्या परीक्षेच्या अंगाने गेल्या की पक्षी ओळखणारा, शेतीतले कळणारा किंवा जुनी गाणी पाठ असणारा मुलगा पहिल्या चाळणीतच बाहेर पडतो. चांगली विषयवाटणी अशी असते की कोणत्याही संघाला एक फेरी आपली वाटावी आणि एकीची धास्ती वाटावी.

खानदेश फेरी

स्थानिक विषयाची स्वतंत्र फेरी हा या भागातल्या स्पर्धेचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत धोक्याचा भाग. सामग्रीची ददात नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरचे, अध्यक्ष पंडित नेहरू. विप्रोचा उगम १९४५ मध्ये अमळनेरात, तोही वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात देह ठेवला आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी तिथेच संशोधन मंडळ उभे राहिले. त्र्यंबक बापूजी ठोमरे या धरणगावच्या मुलाला 'बालकवी' हे नाव १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात मिळाले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. एदलाबाद म्हणजे आजचे मुक्ताईनगर. जळगावची केळी आणि भरिताची वांगी या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे. सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या यात्रेत भरतो.

धोका असा की स्थानिक माहिती 'सगळ्यांनाच ठाऊक' म्हणून कोणी तपासत नाही. 'सातपुड्यातील सर्वोच्च शिखर कोणते?' हा प्रश्न घ्या. नंदुरबारचा संघ अस्तंभा म्हणेल. दिवाळीत अश्वत्थाम्याच्या यात्रेला तो डोंगर चढलेली मुले संघात असतील तर ती हटणारही नाहीत. पण संपूर्ण सातपुड्याचा विचार केला तर उत्तर मध्य प्रदेशातील धूपगड. प्रश्नात 'महाराष्ट्रातील' हा एक शब्द असता तर भांडण झालेच नसते.

साने गुरुजींचे जन्मगाव विचारले की हात वर करून 'अमळनेर' सांगणारी मुले हमखास निघतात. गुरुजी अमळनेरात शिक्षक होते, जन्म कोकणातल्या पालगडचा. हा प्रश्न चांगला, कारण तो प्रेमातून झालेली चूक दुरुस्त करतो. भास्कराचार्यांचे जन्मगाव विचारणे मात्र टाळावे. त्यांनी स्वतः सह्याद्रीच्या पायथ्याच्या 'विज्जडविड'चा उल्लेख केला आहे आणि ते नेमके कोणते यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पाटण्याचा शिलालेख सापडला म्हणून तेच जन्मगाव ठरवणे हे अभिमानाचे उत्तर झाले.

'खानदेशाची राजधानी कोणती?' हाही असाच अर्धवट प्रश्न. फारुकी घराण्याचा सुरुवातीचा मुक्काम थाळनेरला होता, नंतर सत्ता बुऱ्हाणपूरला गेली, आणि ते शहर आज मध्य प्रदेशात आहे. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे केले, पुढे त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणून 'खानदेशात जिल्हे किती?' यालाही आधी 'कोणत्या साली?' असे विचारावे लागते. शिवाय मालेगाव, सटाणा, कळवणकडे अहिराणी बोलली जाते, तिथली माणसे स्वतःला खानदेशी म्हणवतात, आणि ती नाशिक जिल्ह्यात आहेत.

सर्वांत जपून हाताळायचा विषय बहिणाबाई चौधरी. 'बहिणाबाईंनी लिहिलेली कविता ओळखा' असे वाक्य प्रश्नपत्रिकेत सर्रास येते. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. ओव्या त्यांच्या ओठांवर आल्या, त्या कागदावर उतरवल्या घरच्यांनी, आणि पुस्तक निघाले त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये. तिथे 'लिहिलेली' हा शब्द चुकीचा आहे आणि तो त्या बाईंच्या मोठेपणावरच पाणी फिरवतो. शिवाय तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या, सतराव्या शतकातल्या. दोघींची गल्लत झालेली प्रश्नावली बाद धरावी.

प्रश्न घडवणे

वरच्या सगळ्या उदाहरणांतून एकच कसोटी निघते: प्रश्नाला उत्तर एकच असावे, आणि ते दोन ठिकाणी ताडून पाहिलेले असावे. अनुभवी प्रश्नकर्ते याच्या पुढे जातात. नुसते साल विचारण्याऐवजी ते प्रश्नातच एखादा धागा ठेवतात, म्हणजे माहिती नसलेल्याला विचार करून उत्तरापर्यंत पोहोचता येते. 'शहाजहानची बेगम मुमताजमहल १६३१ मध्ये कुठे वारली?' हा पाठांतराचा प्रश्न. 'ताजमहाल जिच्यासाठी बांधला ती बेगम तापीकाठच्या एका शहरात वारली, फारुकी सुलतानांची राजधानी असलेले ते शहर कोणते?' हा प्रश्न विचार करायला लावतो, आणि उत्तर चुकले तरी बुऱ्हाणपूर लक्षात राहते.

प्रश्न फुटू नयेत याची काळजी कामाच्या सुरुवातीपासूनच घ्यावी लागते. अमेरिकेत १९५०च्या दशकात 'ट्वेंटी-वन' या दूरचित्रवाणी कार्यक्रमात निवडक स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवली जात. चार्ल्स व्हॅन डोरेन या लोकप्रिय विजेत्याने १९५९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे ते कबूल केले, आणि पुढच्या वर्षी अशी फसवणूक बेकायदा ठरवणारी कायद्यातील दुरुस्ती झाली. गावातल्या स्पर्धेत कोटींचा खेळ नसतो, पण आयोजक शाळेचाच संघ अंतिम फेरीत असेल तर प्रश्न बाहेरच्या माणसाने काढलेले बरे. हरलेल्या संघाच्या मनात किंतु राहिला की पुढच्या वर्षी तो येत नाही.

मांडणी आणि गुण

संघ फार आले तर आधी लेखी चाळणी होते आणि वरचे पाच-सहा संघ मंचावर येतात. थेट प्रश्नाला बहुधा दहा गुण, न आल्यास 'पास' होऊन पुढच्या संघाला पाच. इथे एक अन्याय लपलेला असतो, तो प्रेक्षकांना दिसत नाही. प्रश्न नेहमी एकाच दिशेने सरकत असेल, तर कच्च्या संघाच्या लगेच पुढे बसलेल्याला फुकटचे पास प्रश्न मिळत राहतात, आणि पक्क्या संघाच्या पुढे बसलेला कोरडा राहतो. म्हणून अर्ध्या फेऱ्या झाल्यावर दिशा उलटी करावी, आणि बैठक चिठ्ठ्या टाकून ठरवावी. बझरच्या फेरीत चुकीच्या उत्तराला गुण कापणे आवश्यक असते, नाहीतर प्रश्न पुरा व्हायच्या आत बटण दाबण्याची शर्यत लागते. चित्र-ध्वनी फेरी मुलांना सर्वांत आवडते, पण तिला प्रोजेक्टर लागतो आणि वीज टिकावी लागते. रॅपिड फायर शेवटी ठेवतात, कारण त्यात क्रमवारी अजून फिरू शकते.

वेळापत्रकावर हवामानाचाही हात आहे. भुसावळ-जळगावचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपलीकडे जातो, म्हणून पत्र्याच्या सभागृहात मे महिन्यात स्पर्धा ठेवणे क्रूरपणाचे. गणेशोत्सव, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, आणि २७ व २८ फेब्रुवारीला लागोपाठ येणारे मराठी भाषा गौरव दिन व विज्ञान दिन हे सोयीचे मुहूर्त.

भाषेचा प्रश्न

खानदेशात घरची बोली आणि शाळेची भाषा वेगवेगळी असलेली मुले पुष्कळ आहेत. कुठे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली, पावरी, मावची. 'माले म्हाईत शे' असे मनात म्हणणारे मूल प्रमाण मराठीत वाक्य जुळवेपर्यंत पंधरा सेकंद संपतात. उत्तर बोलीत आले, उच्चार वेगळा झाला, तरी अर्थ बरोबर असेल तर पूर्ण गुण द्यावेत. हा नियम स्पर्धेआधी मोठ्याने वाचून दाखवला तर आश्रमशाळेतून आलेले संघ जास्त मोकळेपणाने बोलतात. काही आयोजक एक फेरीच बोलीभाषेची ठेवतात: अहिराणी शब्द द्यायचा, अर्थ विचारायचा. तिथे शहरी संघांची उत्तरे अडतात आणि मागच्या रांगेतल्या आज्या पुटपुटू लागतात. प्रेक्षकांतून उत्तर आल्यास प्रश्न बाद करण्याचा नियम याच फेरीत सर्वांत जास्त वेळा वापरावा लागतो.

ऑनलाइन स्पर्धा

२०२० च्या टाळेबंदीत स्पर्धा मोबाइलवर आली. गूगल फॉर्मवर वीस प्रश्न, आणि उत्तरे पाठवताच नावासकट प्रमाणपत्र. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात जिथे नेटवर्क पोहोचत होते, तिथल्या मुलांना घरबसल्या भाग घेता आला, हा मोठा लाभ. पण उत्तर शोधून लिहिण्याची मोकळीक असल्याने ती आठवणीची स्पर्धा उरली नाही, आणि संघातल्या दोघांनी डोकी जवळ आणून केलेली कुजबुजही नाहीशी झाली. शाळा पुन्हा उघडल्यावर काही ठिकाणी दोन्हींची सांगड घातली गेली: चाळणी मोबाइलवर, अंतिम फेरी मंचावर.