तंबाखू नाही, नुसती सुपारी!

"तंबाखूने कॅन्सर होतो, सुपारीने नाही. ती तर आपल्या वाडीतली." कोकणात हे वर्षानुवर्षं ऐकू येतं, फॉरवर्डही होतं. समज अगदी स्वाभाविक आहे. जी पूजेला लागते, पाहुण्यापुढे तबकात येते, तिच्यावर संशय कोण घेणार?

पण सुपारी, मग ती श्रीवर्धनी रोठा जातीची का असेना, तंबाखूशिवायही माणसात कर्करोग घडवते. 2004 पासून हे वैद्यकशास्त्रात नोंदलेलं आहे. अडकित्त्याने कातरलेलं खांड तासभर गालात राहिलं की त्यातलं अरेकोलीन नावाचं रसायन आतल्या त्वचेत मुरतं. तिथे चिवट तंतू साठत जातात, गाल आतून ताठ होतो. तिखट झोंबतं, तोंड कमी उघडतं. अशा तोंडात पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो.

  

तोंड नीट उघडतं का, याचा पडताळा घरीच घेता येतो. आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घाला. सहसा ती मावतात. मावत नसतील, पांढरा-लाल चट्टा असेल किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका, सुरुवातीला ते बऱ्याचदा दुखतच नाही. पक्कं निदान तिथला लहानसा तुकडा काढून तपासल्यावरच होतं.