भांड्यावर घातलेलं नाव

पुण्यात एखाद्याच्या दिवाणखान्यात जुन्या घंगाळात कुंडी ठेवलेली दिसते, आणि पाहुण्यांतली एखादी आजी चष्मा सावरत त्याच्या काठाशी वाकते. ती नाव शोधत असते. लग्नामुंजीत आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर ठोके मारून देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत होती, म्हणून वस्तूची ओळख साठ वर्षांनीही पटते.

घरच्या वस्तू अशा परक्या घरी कशा गेल्या, याचं एक मोठं कारण म्हणजे १२ जुलै १९६१चा पूर. अंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं. ते सकाळी फुटलं, आणि त्या लोंढ्यानं मुठेवरचं जुनं खडकवासला धरणही फुटलं. नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठा बुडाल्या. दिवसाची वेळ होती म्हणून हजारो माणसं नेसत्या वस्त्रांनिशी पळून वाचली. घरातलं सगळं होतं तिथंच राहिलं. वाड्यांचं जोतं दगडी, वरचं काम मात्र विटामातीचं. भिजून त्या भिंती खचल्या. फोटो, पत्रिका, शालू गाळात कुजले. टिकलं ते तांबं-पितळ, तेही वाहून भलत्याच्याच अंगणात. पुढं पूरग्रस्त निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल तात्पुरत्या घरांत, मग सहकारनगर, गोखलेनगरसारख्या नव्या वस्त्यांत गेले. कुणाची घागर कुणाकडे आली हे सांगणारा शेजारच पांगला.

जे पुरातून वाचलं, तेही पुढं हळूहळू गेलं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, मालकांना डागडुजी परवडेना, आणि वाडे पडून अपार्टमेंट उभी राहिली. कोरीव खांब, दरवाजे, झोपाळ्याच्या कड्या जुन्या बाजारात आल्या. स्टील आल्यावर बंब आणि हंडे मोडीत निघाले. मला याचंच जास्त वाईट वाटतं, कारण ते आपण आपल्या हातानं दिलं.

दिनकर केळकरांनी मात्र घरोघरचे दिवे, अडकित्ते, भांडी आयुष्यभर गोळा केली, आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलेलं ते संग्रहालय १९७५ साली राज्य सरकारला दिलं. तिथल्या काचेसमोर 'अगदी आमच्याकडे होता तसा' हे वाक्य हमखास कानावर पडतं.

आमच्या आजीला तिचा तांब्या सहकारनगरातल्या एका घरात दिसला. मामांचं नाव स्पष्ट होतं. त्या घरच्या बाईंनी तो पुरानंतर स्वतःच्या पडक्या घरातला गाळ उपसताना उचलला होता. त्यांचं देवघर तर सगळंच वाहून गेलेलं. 'न्या हो, तुमचाच आहे,' म्हणत त्यांनी तो घासून पुढं केला. आजीनं नाव दोनदा वाचलं, त्यातलंच पाणी प्यायली आणि तांब्या तिथंच ठेवून आली. पुढं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघी एकमेकींकडे जात राहिल्या.