पॉवरबँक फुटून भाजलं? तो जळका डबा आधी जपून ठेवा

आमचं ऑफिस छोटं आहे, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, दोन वकील आणि एक असिस्टंट. पॉवरबँक फुटून भाजल्याचे फोन यायला लागले तेव्हा प्रत्येकाला तेच सांगताना आमची दमछाक व्हायची म्हणून हे लिहून ठेवलंय, मराठीत, कारण फोन बहुतेक मुलगा-सून करतात पण भाजलेले असतात आई-बाबा.

बाकी नाही वाचलंत तरी एवढं वाचा. ज्या पॉवरबँकने भाजलं तो फेकायचा नाही आणि कंपनीला परत पाठवायचा नाही, त्यांनी प्रीपेड लेबल पाठवलं तरी नाही.

गोंधळ होतो तो इथेच, कारण रिकॉलची, म्हणजे सदोष माल बाजारातून मागे घेतल्याची, नोटीस जवळजवळ उलटं सांगते. 12 जून 2025 ला अँकरच्या पॉवरकोर 10000 चा (मॉडेल ए1263) रिकॉल आला, जून 2016 ते डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेत विकलेले सुमारे 11 लाख 58 हजार पीस, आग आणि स्फोटाच्या 19 तक्रारी, दोघांना किरकोळ भाजलेलं. त्यात ग्राहकाने करायचं काय, तर पॉवरबँकवर पर्मनंट मार्करने 'रिकॉल्ड' लिहा, नाव, तारीख, सिरियल नंबर दिसेल असा फोटो पाठवा, 30 डॉलरचं गिफ्ट कार्ड किंवा नवा पॉवरबँक घ्या आणि जुना काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देऊन टाका. ज्याचा पीस धड आहे त्याने अगदी हेच करावं, आजच करावं. पण ज्याचा पेटलाय आणि घरातलं कुणी भाजलंय त्याने त्याच्यावर मार्करने एक रेघसुद्धा ओढू नये, कारण आता ती वस्तू कचरा नाही, पुरावा आहे.

याचं कारण असं की रिकॉल झाला म्हणजे केस जिंकली असं नसतं. तुमच्या हातातला नेमका तोच पीस सदोष होता आणि त्यानेच इजा झाली, हे दाखवावं लागतं. एक्स्पर्ट लोक जळक्या सेलचं सीटी स्कॅन करतात, माणसाचं करतात तसंच, आणि आतला शॉर्ट कुठून सुरू झाला ते शोधतात. समोरचा वकील म्हणणार की तुमची केबल खराब होती, चार्जर लोकल होता, तुम्ही पाडला असेल. म्हणून केबल, ॲडॅप्टर, त्या वेळी जोडलेला फोन, जळकं कव्हर, सगळं ठेवा. कुठे ठेवायचं? घरात नाही, जळलेला सेल पुन्हा पेटू शकतो. पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घालून त्यात, घरापासून लांब, पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी. पोस्टाने पाठवू नका, विमानात तर अजिबात नेऊ नका.

आमच्याकडचीच एक केस सांगतो, नाव आणि ब्रँड सांगत नाही. नाशिकहून मुलाकडे आलेल्या काकू, दुपारी सोफ्यावर मालिका बघत होत्या, पॉवरबँक मांडीशेजारी, फोन त्याला लावलेला. फुस्स असा आवाज आला, कुकरची शिट्टी अडकते तसा, आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मुलगा त्यांना ईआरला, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात, घेऊन गेला, सुनेने बिचारीने घर साफ केलं कारण संध्याकाळी पाहुणे यायचे होते, सगळं उचलून डंपस्टरमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या मोठ्या कचरापेटीत. दोन दिवसांनी आमच्याकडे आले तेव्हा उरलं होतं काय, तर सोफ्यावर बशीएवढा काळा खळगा. वाचवलं ते काकूंनीच, कारण ईआरला निघायच्या आधी एवढ्या त्रासातही त्यांनी बहिणीला व्हॉट्सॲपवर फोटो टाकला होता, 'बघ गं काय झालं', आणि त्यात खालच्या लेबलवरचा मॉडेल नंबर अर्धा वाचता येत होता. सेटलमेंट झाली, पण जेवढी व्हायला हवी होती तेवढी नाही.

आता कायद्याचं. न्यू जर्सीत शारीरिक इजेच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, मुदत मोजायची ती इजेपासून, रिकॉलच्या तारखेपासून नाही, लोक इथेच फसतात. लहान मूल भाजलं असेल तर त्याची मुदत वेगळी मोजतात, पण तेवढं थांबायचं कशाला. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये झालं असेल तर तिथे तीन वर्षं.

दावा पहिल्यांदा बनवणाऱ्यावर. अडचण अशी की पुष्कळ ब्रँडचा इथे ना ऑफिस ना माणूस, चीनमधल्या कंपनीला नुसती नोटीस बजावायला महिनेच्या महिने जातात. अशा वेळी विकणाऱ्याकडे वळता येतं. न्यू जर्सीच्या कायद्यात दुकानदार सहसा 'बनवणारा हा बघा' असं प्रतिज्ञापत्र देऊन बाहेर पडू शकतो, पण बनवणारा सापडतच नसेल किंवा अमेरिकेत त्याचं काहीच नसेल तर दुकानदाराला तसं सुटता येत नाही. ऑनलाइन घेतला असेल तर जास्त गुंतागुंत. कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने 2020 मध्ये, लॅपटॉपची बदली बॅटरी पेटल्याच्या केसमध्ये, तिसऱ्याच विक्रेत्याचा माल असूनही ॲमेझॉनला जबाबदार धरता येईल असं म्हटलं. तो निकाल इथे बंधनकारक नाही, पण म्हणूनच सांगतो की ऑर्डरच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढा, 'सोल्ड बाय' समोर कुणाचं नाव आहे ते त्यात दिसू दे.

गिफ्ट कार्ड घेतलं म्हणून दुखापतीचा हक्क गेला का? नुसत्या रिकॉलच्या भरपाईने सहसा जात नाही. पण कंपनीच्या माणसाने फोन करून 'तुमची मेडिकल बिलं आम्ही बघतो' म्हटलं आणि पाठोपाठ सही करायला कागद आला तर थांबा, त्यात 'रिलीज' हा शब्द असेल तर सही म्हणजे प्रकरण मिटलं. असा कागद आला की आधी आम्हाला पाठवा, बघायचे पैसे घेत नाही.

आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर आहेत, मग केस करता येते का, हे प्रत्येक जण जरा दबक्या आवाजात विचारतो. येते. भाजलेल्या माणसाचा व्हिसा कुठला यावर दावा अवलंबून नाही. परत भारतात गेल्यावर तिथल्या डॉक्टरच्या ड्रेसिंगची बिलं, औषधांच्या पावत्याही ठेवा, त्याही धरता येतात. जखमेचे फोटो पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, दहाव्या दिवशी असे काढत राहा, भाजल्याची जखम पहिल्या दिवशी खरी दिसतच नाही. फायर ब्रिगेड आली असेल तर त्यांचा रिपोर्ट सार्वजनिक नोंदींच्या अर्जाने मागता येतो, ते आम्ही करतो. सीपीएससीच्या (ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षितता बघणारी अमेरिकी सरकारी संस्था) सेफर प्रॉडक्ट्स साइटवर तक्रार मात्र तुम्ही स्वतःच टाका, पंधरा मिनिटांचं काम आहे आणि रिकॉल होतात ते अशाच तक्रारींतून.

फी जिंकलो तरच. या राज्यात त्याला नियमाने मर्यादा आहे, पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत जास्तीत जास्त एक तृतीयांश, आणि एक्स्पर्टचा वगैरे खर्च आधी वजा करून. खरं सांगायचं तर दोन बोटांना फोड आला आणि आठवड्यात बरा झाला अशा केसला वकील परवडत नाही, एक्स्पर्टच भरपाईपेक्षा महाग पडतो. तिथे कंपनीला थेट पत्र लिहा किंवा स्मॉल क्लेम्सला, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, जा, पत्राचा नमुना आम्ही देतो.

आणि रिकॉलमधला पीस 'अजून चालतोय की' म्हणून गावी नेऊन भाच्याला द्यायचा नाही. इथे तो विकणं तर बेकायदाच आहे.

भेटायला याल तेव्हा बिलं, फोटो, ऑर्डरचा स्क्रीनशॉट आणा. पॉवरबँक आणू नका, आधी फोन करा, तो न्यायला आम्ही माणूस पाठवतो. एकदा एक गृहस्थ तो चिवड्याच्या डब्यात घालून थेट वेटिंग रूममध्ये घेऊन आले होते, बिल्डिंगचा मालक अजून आमच्याकडे संशयाने बघतो.