टोकियोचं विमान: जाताना भरभर, येताना रखडत

मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या आयताकृती जगाच्या नकाशावर मुंबई ते टोकियो पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती जालन्याजवळून जाते. तेच पृथ्वीगोलावर दोरा ताणून बसवला, तर तो आपल्या जामनेरजवळून जातो. दोरा खरा, सर्वात जवळची वाट तीच. गोल पृथ्वी कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, म्हणून पट्टी फसवते. दोऱ्याचं अंतर सुमारे ६,८०० किलोमीटर, पट्टीच्या रेघेचं त्याहून शंभरेक किलोमीटर जास्त.

विमानं मात्र दोराही तंतोतंत धरत नाहीत. तो पूर्व तिबेटात ७,७८२ मीटर उंच नामचा बरवा शिखराच्या जवळून जातो. केबिनमधला दाब गेला तर विमानाला काही मिनिटांत १०,००० फुटांवर उतरावं लागतं. प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन १५-२० मिनिटंच पुरतो. तिबेटची जमीनच जवळपास १५,००० फुटांवर, मग उतरायचं कुठे? म्हणून सहसा दक्षिणेकडून, म्यानमारच्या बाजूने वळसा घेतात.

आता वेळ. हिवाळ्यात जाताना सुमारे साडेसात तास लागतात, येताना नऊच्या पुढे. यावर हमखास ऐकू येतं, ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना, त्यामुळे!’ पण तसं असतं तर टोकियो विमानापुढे पळालं असतं आणि जातानाच उशीर झाला असता. धावत्या भुसावळ पॅसेंजरच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही. हवाही जमिनीबरोबर फिरत असते.

तरी पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहेच, पण आडून. विषुववृत्तावर जमीन आणि हवा ताशी १,६७० किलोमीटरने पूर्वेकडे जातात. तिथली तापलेली हवा ढगांबरोबर वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे सरकते. ३० अंश अक्षांशावर पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर कमी, म्हणून जमिनीचा वेग १,४५०च्या आसपास. हवेचा कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहिला, तर त्रिज्या घटल्यावर तिचा वेग १,९३०पर्यंत वाढायला हवा. म्हणजे जमिनीच्या तुलनेत ताशी ४८० किलोमीटरचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा! भोवऱ्यांमुळे बराच संवेग वाटेत वाटला जातो, तरी हिवाळ्यात जपानवर १०-१२ किलोमीटर उंचीवर ताशी २५०-३०० किलोमीटरचा झोत सहज सापडतो. हाच जेट प्रवाह. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला, पण १९२६ साली अहवाल छापला एस्परँटो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत. जगाच्या ते गावीही नव्हतं.

संपूर्ण वाटेवर सरासरी १०० किलोमीटरचा वारा धरा. हवेतला वेग ९०० असेल तर जाताना १,००० पडतो, येताना ८००. ६,८०० किलोमीटरला ६.८ आणि ८.५ तास. बेरीज १५.३, तर वारा नसता तर १५.१. गेलेला वेळ पूर्ण भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. अंतराला ठरावीक वेगाने भागून दोन्ही दिशांना एकच ‘अचूक’ वेळ दाखवणारी ॲप्स इथेच तोंडघशी पडतात.

खानदेशात कपाशीची लागवड संपत येते तोवर हा झोत हिमालयाच्या उत्तरेला सरकलेला असतो. मग जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो. अंदाज बांधायचा तर अंतराला ९००ने भागा, वळसा, चढउतार आणि धावपट्टीसाठी पाऊण-एक तास मिळवा, मग वारा बघा. आणि तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात: जपान साडेतीन तास पुढे. पोहोचण्याच्या वेळेतून निघण्याची वेळ वजा करा; जाताना त्या उत्तरातून साडेतीन तास काढा, येताना त्यात मिळवा.