सिनेट नोकऱ्या वाटत नव्हती

दांडिया बाजारात शेवउसळीत पाव बुडवत एक काका परवा ठामपणे म्हणाले, “सयाजीराव विद्यापीठात भरती सिनेटवरचे प्राध्यापकच करतात.” बडोद्यात हे वर्षानुवर्षं ऐकतोय. चूक आहे. सिनेट म्हणजे विद्यापीठाची प्रतिनिधी सभा, तिच्यावर काही प्राध्यापक निवडून यायचे; पण उमेदवार पारखते ती निवड समिती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार साहाय्यक प्राध्यापकासाठी कुलगुरू किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष, सोबत तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख वगैरे. बाहेरचे दोन तज्ज्ञ हजर नसतील तर कोरमच (बैठकीला लागणारी किमान हजेरी) भरत नाही. म्हणजे प्राध्यापकांचा शब्द असतो, पण पदामुळे, निवडून आल्यामुळे नव्हे. (वशिल्याची गोष्ट वेगळी, ती कुठल्याच नियमात नसते.) शिवाय २०२३ च्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने सिनेट आणि कारभार पाहणारी सिंडिकेट, दोन्हीही गेल्या. काका अजून सिनेटच्या निवडणुकीची वाट बघताहेत.