डिजिटल दरी (ग्रामीण महाराष्ट्र)

इंटरनेटची जोडणी, ते वापरायचे साधन आणि ते हाताळण्याचा सराव सर्वांना सारखा न मिळाल्याने गाव आणि शहर, स्त्री आणि पुरुष यांच्यात पडलेले अंतर. गावात मात्र हा शब्द कुणी वापरत नाही. ‘रेंज नाही’ एवढेच म्हणतात.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातील ४२ टक्के शहरी कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती, ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम १५ टक्के. पुढे डेटा स्वस्त झाला, पण घरात फोन एकच असेल तर तो कामावर जाणाऱ्या पुरुषाच्या खिशात जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३८ टक्के होत्या, पुरुष ६१ टक्क्यांहून अधिक.

सातपुड्यातील अक्राणी, अक्कलकुवा किंवा मेळघाट अशा भागांत डोंगर टॉवरच्या आड येतात. वस्ती विरळ, म्हणून कंपन्यांना तिथे टॉवर परवडत नाही. २०११ मध्ये मंजूर झालेली, पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखली गेलेली योजना मुळात ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची होती. पाडे आणि वाड्या तिथून कैक किलोमीटर आत असतात.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत शाळा फोनवर भरू लागल्या तेव्हा मुले रेंज शोधत टेकडीवर, झाडावर चढली. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटाला लसीसाठी ‘को-विन’वर आगाऊ नोंदणी सक्तीची झाली, शहरातल्यांनी गावच्या केंद्रांवरच्या वेळा पटापट धरल्या. सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल केंद्र सरकारला जाब विचारला.

साथ सरली तरी अडचण सरली नाही, कारण नेट आता हक्काच्या वाटेवरच येऊन बसले आहे. ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून ‘ई-पीक पाहणी’ ॲपमध्ये पिकाचा फोटो भरायचा असतो. सातबाऱ्यावर पीकपेरा लागला नाही, तर नुकसानभरपाई मागताना पंचाईत होते. ज्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, तो शेजारच्या पोराला गळ घालतो. रेशन दुकानातही तेच: पॉस मशीनवर अंगठा लावायचा, गोल फिरत राहणाऱ्या चिन्हाकडे बघत बसायचे, आणि ‘सर्व्हर नाही, उद्या या’ ऐकून रिकामी पिशवी घेऊन परतायचे. धान्य समोर पोत्यात असते. ‘उद्या’ म्हणजे आणखी एक रोज बुडाला. ही गैरसोय म्हणून सोडून देण्याजोगी गोष्ट नाही; ती मजुराच्या खिशातून केलेली वसुली आहे.