विदाद की राजा? कॅसाब्लांकाच्या दोन क्लबांची गल्लत

मोरोक्कोतल्या फुटबॉल क्लबचं 'राजा कॅसाब्लांका' हे नाव वाचलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर सिंहासनच येतं. राजघराण्याचा क्लब असावा, असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण हा राजा आपला नव्हे. तो अरबी शब्द आहे, उच्चार 'रजाअ'च्या जवळ जाणारा, आणि त्याचा अर्थ आशा. आपण कचेरीत टाकतो त्या रजेशीही त्याचं नातं नाही. ती 'रिझा'वरून, म्हणजे संमतीवरून आली. मोरोक्कोत नावातच 'शाही' असलेला क्लब वेगळाच आहे. शाही सैन्यदलांचा तो क्लब राजधानी रबातमध्ये आहे आणि 'एफएआर' या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

आणि 'विदाद'? तोही अरबीच. जिव्हाळा, माया, स्नेह असा त्याचा अर्थ. आशा आणि स्नेह अशी ही दोन नावं. शहर एक, मैदान एक, आफ्रिकेची सर्वांत मोठी स्पर्धा जिंकण्याचा आकडाही एकच. टीव्हीच्या गुणफलकावर एक 'डब्ल्यूएसी' होतो, दुसरा 'आरसीए'. दूरच्या प्रेक्षकाच्या डोक्यात या सगळ्याचं एकच 'कॅसाब्लांका' होऊन बसतं, आणि 'बायर्न म्युनिकविरुद्ध अंतिम सामना खेळलेला तो मोरोक्कोचा क्लब' म्हणून भलत्याचंच नाव घेतलं जातं. रंग लक्षात ठेवणं सोपं आहे: विदाद लाल, राजा हिरवा. पण रंग पाठ करून हे दोन क्लब कळत नाहीत. ते कळण्यासाठी दोघं कुठल्या साली आणि कुठल्या गरजेतून जन्मले, हे पाहावं लागतं.

मोरोक्कोवर १९१२ ते १९५६ फ्रान्सचा अंमल होता. गादीवर सुलतान, पण कारभार फ्रेंच रेसिडेंट जनरलच्या हाती. त्या काळात कॅसाब्लांका बंदरालगतचे पोहण्याचे तलाव युरोपीय लोकांच्या क्लबांकडे होते आणि स्थानिक मोरोक्कन माणसाला तिथे सहजी प्रवेश मिळत नसे. आपल्याच शहरातल्या, आपल्याच समुद्राकाठच्या पाण्यात उतरायला परक्याची परवानगी. विदादचा उगम या अपमानात आहे. मोहम्मद बेनजेलून आणि त्यांच्या सोबत्यांनी ८ मे १९३७ रोजी क्लब काढला तो फुटबॉलसाठी नव्हताच. तो वॉटर पोलोचा क्लब होता. फुटबॉलचा विभाग १९३९ मध्ये सुरू झाला. विदादबद्दलची ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या क्लबला आज लाखो लोक चेंडूमुळे ओळखतात, त्याची सुरुवात पाण्यावरच्या हक्कातून झाली.

पुढे मैदानावर जे घडलं त्याला याच पार्श्वभूमीवर अर्थ येतो. त्या काळी शहरातला दादा संघ होता यूएसएम, युरोपीय वस्तीचा. विदादने अशा संघांना हरवायला सुरुवात केली तेव्हा तो नुसता दोन गुणांचा विजय राहिला नाही. १९४८, १९४९ आणि १९५० अशी सलग तीन वर्षं विदादने उत्तर आफ्रिकेचं अजिंक्यपदही जिंकलं. ट्युनिशिया आणि अल्जेरियाचे विजेते संघ त्या स्पर्धेत असत. विदादचे लोक आपल्या क्लबला 'विदाद अल-उम्मा', राष्ट्राचा विदाद, म्हणतात. हे बिरुद त्या दिवसांच्या आठवणीवर उभं आहे.

राजाचा जन्म बारा वर्षांनी, २० मार्च १९४९ रोजी झाला. जागा दर्ब सुलतान. खेड्यापाड्यांतून कारखान्यांत कामाला आलेल्या माणसांची ही दाटीवाटीची वस्ती. क्लब उभा करणाऱ्यांत कामगार चळवळीतली माणसं होती. महजूब बेन सद्दिक हे त्यांतलं ठळक नाव. पुढे १९५५ मध्ये मोरोक्कोच्या कामगार महासंघाची स्थापना करणारे ते हेच. सुरुवातीच्या मंडळींत माती बुआबिदही होते, जे १९७९ ते १९८३ देशाचे पंतप्रधान होते. नावासाठी चिठ्ठ्या टाकल्या आणि 'राजा' निघालं, असं सांगतात.

एक अडचण मात्र चिठ्ठ्यांनी सुटणारी नव्हती. क्लबच्या प्रमुखपदी फ्रेंच नागरिक हवा, असा सरकारी दंडक होता. मग अल्जेरियन मुळाचे, पण फ्रेंच नागरिकत्व असलेले एक गृहस्थ अध्यक्ष म्हणून पुढे केले गेले. कायद्याचं अक्षर पाळलं आणि क्लब आपल्याच हातात राहिला.

या दोन जन्मकथांमधून लोकांनी एक सोपं सूत्र काढलं आहे: विदाद श्रीमंतांचा, राजा गरिबांचा. मला हे सूत्र पटत नाही. त्यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. विदादचे संस्थापक बेनजेलून पुढे १९६१ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य होते, आणि राजाच्या पाळण्याशी कामगार संघटना उभी होती. राजाला 'राजा अश्-शाब', लोकांचा राजा, म्हणतात तेही खरं. पण तलावाबाहेर ठेवलेला माणूस श्रीमंत असो की हमाल, बाहेरच होता. विदादच्या गॅलरीत जुन्या मदिनेतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, अरुंद गल्ल्यांमधली पोरं पिढ्यान्‌पिढ्या बसत आली आहेत, आणि राजाचा हिरवा रंग शहराच्या सधन भागांतही दिसतो. एकाच घरात एक भाऊ लाल आणि दुसरा हिरवा, हे तिथे रोजचं आहे. खरा फरक वर्गापेक्षा काळाचा आहे. १९३७ मध्ये प्रश्न होता, 'आम्हाला आत येऊ द्याल का?' १९४९ पर्यंत स्वातंत्र्याची चळवळ गल्लीत आणि कारखान्यात उतरली होती आणि प्रश्न बदलला होता: 'आमच्या मोहल्ल्याचा, आमच्या संघटनेचा क्लब का नसावा?'

या दोघांना दोन टोकांना नेऊन ठेवता येत नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. ते म्हणजे एक माणूस, मोहम्मद बेन लहसेन अफानी. सगळं शहर त्यांना 'पेर जेगो' म्हणायचं. 'पेर' म्हणजे फ्रेंचमध्ये बाप. विदादचा फुटबॉल विभाग उभा केला तो यांनी, आणि १९४०च्या दशकातल्या विजयांमागचे प्रशिक्षकही हेच. १९५०च्या दशकात क्लबच्या कारभाऱ्यांशी बिनसलं, त्यांनी विदाद सोडला आणि नंतर ते राजाकडे गेले. तिथे त्यांनी वेगळंच बीज पेरलं: छोटे पास, चेंडू जमिनीला धरून, एका स्पर्शात पुढच्याकडे, आणि संधी मिळाली की समोरच्याला चकवून जायचं. मोरोक्कन बोलीत याला 'फ्राजा' म्हणतात. फ्राजा म्हणजे डोळ्यांचं पारणं फेडणारा खेळ. १९७० मध्ये ते वारले. कॅसाब्लांकात त्यांच्या नावाचं एक मैदान आहे. लाल आणि हिरवा, दोघांचाही बाप एकच, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही. आपल्याकडे एका गुरूच्या दोन शिष्यांची घराणी वेगळी होतात, दोन्ही आपापल्या जागी खरी असतात. इथेही तसंच झालं.

फ्राजाची किंमत राजाने बरीच वर्षं मोजली. स्वातंत्र्यानंतरची पहिली लीग १९५७ मध्ये विदादने जिंकली. राजाला पहिलं लीग विजेतेपद मिळायला १९८८ उजाडलं. मधल्या तीस वर्षांत राजाकडे प्रेक्षकांचं प्रेम होतं आणि मैदानावर अब्दलमजीद दोल्मीसारखा मधल्या फळीतला कलावंत होता. लोक त्याला 'मास्त्रो' म्हणत. १९८६च्या विश्वचषकात मोरोक्को आफ्रिकेतून दुसऱ्या फेरीत जाणारा पहिला देश ठरला, त्या संघाच्या मधोमध हा दोल्मी होता. गोलमध्ये होता बादू झाकी, विदादचा, आणि त्याच वर्षी आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. देशाच्या तोवरच्या सर्वांत मोठ्या दिवसांत लाल आणि हिरवा एकाच संघात होते.

आकड्यांमध्येही एक सापळा आहे. विदादची लीग विजेतेपदं कुठे २२ दिसतात, कुठे १७. दोन्ही बरोबर आहेत. फ्रेंच अमलातली पाच धरली तर २२, स्वातंत्र्यानंतरचीच मोजली तर १७. राजाची १३ आहेत, आणि त्यांतली सहा एका दमात आली, १९९६ ते २००१. त्याच्या आधी, १९९५ मध्ये, शहरातला ऑलिंपिक कॅसाब्लांका हा क्लब राजात विलीन झाला होता आणि त्याचे तयार खेळाडू हिरव्या रंगात आले होते. राजाचं तेरावं विजेतेपद २०२३-२४च्या हंगामातलं, एकही सामना न हरता मिळवलेलं.

आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मात्र बरोबरी आहे, तीन-तीन. विदादची १९९२, २०१७ आणि २०२२. राजाची १९८९, १९९७ आणि १९९९. साल लक्षात राहत नसेल तर एवढं ध्यानात ठेवावं: विसाव्या शतकातच तिन्ही जिंकला तो राजा, आणि त्याने तिन्ही वेळा निकाल पेनल्टींवर खेचून नेला. १९८९ मध्ये प्रतिस्पर्धी होता अल्जेरियाचा मौलूदिया ओरान, अखेरचा सामना त्यांच्या घरी, आणि राजाचे प्रशिक्षक रबाह सादान स्वतः अल्जेरियन. १९९९ मध्ये ट्युनिसमध्ये एस्पेरांसच्या प्रेक्षकांपुढे पुन्हा तेच. परक्या गावात, हजारो शिट्ट्यांत, अकरा मीटरवरून चेंडू ठेवून उभं राहायचं, हे राजाने वारंवार केलं.

विदादची दोन मोठी विजेतेपदं अलीकडची आहेत आणि दोन्ही कैरोच्या अल-अहलीला हरवून मिळालेली. २०२२चा अंतिम सामना कॅसाब्लांकातच झाला. झुहैर अल-मुतरजीने दोन्ही गोल केले. बाकावर प्रशिक्षक होते वलीद रेग्रागी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कतारमध्ये मोरोक्कोला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत नेणारे ते हेच रेग्रागी. तेव्हा 'रेग्रागींचा क्लब कोणता' असं कुणी विचारलं, तर विदाद.

आणि 'बायर्नशी खेळलेला' तो राजा. २०१३ची क्लब विश्वचषक स्पर्धा मोरोक्कोत होती आणि यजमान देशाचा लीग विजेता म्हणून राजाला जागा मिळाली होती. एका फेरीपलीकडे ते जातील असं फार कुणाला वाटत नव्हतं. ऑकलंड सिटी गेला, मेक्सिकोचा मोंतेरे गेला. मग १८ डिसेंबरला मराकेशमध्ये ब्राझीलचा अत्लेतिको मिनेरो समोर आला, रोनाल्डिन्होसह. राजाने त्यांना ३-१ हरवलं. त्या सामन्याचं मला सर्वांत जास्त आठवतं ते शिट्टीनंतरचं दृश्य. जिंकलेले राजाचे खेळाडू धावत हरलेल्या रोनाल्डिन्होकडे गेले, त्याला मिठ्या मारल्या, आणि आठवण म्हणून त्याचे बूट पायांतून काढून घेतले. तो मोज्यांवर उभा, हसत. ज्या माणसाचा खेळ पाहत ही पोरं मोठी झाली त्याला हरवूनही त्यांचं प्रेम कमी झालं नव्हतं. फ्राजावर वाढलेल्या क्लबचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही. अंतिम सामन्यात बायर्नने २-० असं हरवलं. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या क्लब विश्वचषकात मँचेस्टर सिटी आणि युव्हेंटसशी खेळला तो मात्र विदाद.

राहिलं मैदान. मआरिफ भागातलं हे स्टेडियम १९५५ मध्ये उघडलं, तेव्हा त्याला कॅसाब्लांकात वाढलेला मुष्टियोद्धा मार्सेल सेर्दानचं नाव होतं. स्वातंत्र्यानंतर ते 'स्ताद दोनर' झालं, आणि पुढे सुलतान मोहम्मद पाचव्यांचं नाव मिळालं. शहर अजून 'दोनर'च म्हणतं. दक्षिणेकडच्या टोकाला राजाचे समर्थक बसतात. त्या टोकाला 'मगाना' म्हणतात, मगाना म्हणजे घड्याळ. उत्तरेकडचं टोक विदादचं.

दोघांचं घर एकच असल्यामुळे काय घडू शकतं, हे २३ नोव्हेंबर २०१९ला दिसलं. अरब क्लबांच्या स्पर्धेत दोघं समोरासमोर आले होते. पहिला सामना १-१. दुसऱ्या सामन्यात कागदोपत्री यजमान विदाद, आणि विदाद ४-१ने पुढे. लाल टोक गात होतं. मग राजाने एक फेडला, पेनल्टीवर दुसरा, आणि नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाईच्या वेळेत बेन मलांगोने चौथा गोल मारला. ४-४, एकूण ५-५. नियम असा की बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो. राजाने चार गोल 'परक्या मैदानावर' केले होते. ते परकं मैदान म्हणजे दोनर, आणि पुढे गेला राजा.